मोजी ले

देवपुरात, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावरच्या खोलीत
मी दोन वर्षं
एक लिहून झालेली गोष्ट पुन्हा लिहीत होते.

लिहून झालेली, चालणारीही.
हजारो यंत्रं तीच चालवायची:
दर दहा मिनिटांनी वहीचं एक पान,
पानावर कुणी कुणाला किती दिलं,
वही सगळ्यांकडे, मालक कुणी नाही.
"मग तू कशाला?" भुसावळहून आसिफ पिंजारीने विचारलं,
"एक चालतंय ना?"
एक चालतंय, म्हणूनच.
वही हजार घरांत आणि वाचणारा डोळा एकच.
त्या डोळ्यात फूल पडलं
तर हजार घरं एका रात्रीत आंधळी.

जुन्यातली एक ओळ उचलली नाही.
नियमांचं पत्रक समोर ठेवलं,
आणि खालून वॉर्निशचा वास.

आईचे काका, हिलाल आप्पा,
पांझरेच्या फडावर पाटकरी होते.
बंधारा सगळ्यांचा, पाट सगळ्यांचा, पाणी पाळीनं.
आप्पा काठी बुडवून मोजायचे
आणि तीच काठी समोरच्याच्या हातात द्यायचे:
"मन्हावर इस्वास नको ठेवू. मोजी ले."
मग लोक आपापली काठी घेऊन यायला लागले.
दोन काठ्या कधी जुळल्या नाहीत.
बोटभर फरक,
आणि त्या बोटापायी बांधावर
अख्खी रात्र, विड्यांची दोन बंडलं.

माझी प्रत अकरा जण चालवायचे.
एक आसिफ, रेल्वे क्वार्टरात, कूलरमागच्या डब्यावर.
एक चोपड्याची, फार्मसी शिकणारी.
उरलेले नऊ कोण, ठाऊक नाही.
ठाऊक असायचं कारणही नाही.

मंगळवारी रात्री पावणेदोनला
अकराच्या अकरा थांबली.

पान आलं होतं. पानावर एक सही,
सहीच्या पुढे एक फालतू शून्य.
पत्रक म्हणतं, असलं शून्य चालणार नाही.
माझी प्रत म्हणाली, चालणार नाही.
जुनीनं बघितलंच नाही.
तिनं पान घेतलं, त्यावर दुसरं,
उजाडेस्तोवर तीस पानं रचली,
आणि आम्ही नियमाला धरून
पानाच्या अलीकडे
उभे.

"दुसरी प्रत म्हणजे दुसरं भांडण,"
कुणीतरी लिहिलं, रागानं नव्हे,
सुस्कारा टाकावा तसं.
पत्रक माझ्या बाजूचं होतं.
पत्रकाला यंत्रं नसतात.

चहा घेऊन आई वर आली, तिला विचारलं,
त्या बोटभर फरकाचं शेवटी व्हायचं काय?
"होणार काय?
ज्या काठीनं पाणी गेलं, ती काठी खरी."
कप ठेवून जिन्यापर्यंत गेली, थांबली.
"पण दुसरी मोडू द्यायचे नाहीत आप्पा.
वैताग आला तरी."

आठ वाजता खाली बाबांनी
जळक्या मोटारीची तार सोडायला घेतली,
आणि मी माझ्या बरोबर प्रतीत
चूक लिहायला बसले.
हुबेहूब त्यांची, तिच्या नेमक्या मापाची,
एक शून्य कमी नाही, एक जास्त नाही.
बरोबर लिहिताना इतका वेळ लागला नव्हता.
वर टीप टाकली:
हे नियमात बसत नव्हतं.
चार लाख बारा हजार सहाशे सातव्या पानापासून बसतं.
काढू नका.
का, ते विसरूही नका.

त्या आठवड्यात त्यांनीही पत्रकात एक ओळ वाढवली.
शून्याबद्दल. कुणाला दिसलं, ते नाही लिहिलं.
मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू,
जेवेपर्यंत वाटत राहिलं.

रात्री मोजलं तर दहाच.
आसिफकडे लाइट गेली होती.
साडेअकराला अकरा.
झोपायच्या आधी पुन्हा बघितलं:
बारा.

बारावा लांबचा, कुठला कोण.
त्यानं माझं तयार गाठोडं नाकारलं होतं,
पहिल्या पानापासून स्वतः मोजत होता,
एकेक सही.
त्या शून्यापाशी पोचायला
त्याला अजून दोन दिवस लागणार होते.